गाठ काढायची की पूर्ण स्तन? सर्जनला भेटण्याआधीची तयारी

स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन ठरवायला सर्जनकडे जायचे असेल तर आधी फाइल पूर्ण करा. मॅमोग्राफीचा नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडीही लागते. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर तिथून स्लाइड (काचपट्ट्या) आणि मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागून घ्या, कारण कॅन्सर रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात आणि ब्लॉक नसला की सगळे तिथेच अडते. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-२ (पेशींवरचे एक प्रथिन) हे तिन्ही निकाल हवेत. हर-२ समोर ‘२ प्लस’ लिहिले असेल तर निकाल अर्धवट आहे. हर-२ पक्के ठरवणारी फिश तपासणी करावी लागेल. या निकालांवर आणि गाठीच्या आकारावर ऑपरेशन आधी की केमो आधी हे ठरते. केमो आधी ठरली तर पहिल्या डोसपूर्वी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवायची का, हे विचारा. औषधाने गाठ पूर्ण विरघळली तर नेमके कुठून काढायचे ते कळत नाही, आणि वाचू शकणारा स्तन काढावा लागतो.

आता मुख्य प्रश्न. ‘सगळंच काढून टाका, म्हणजे मागे काळजी नको’ असे घरचे मायेने म्हणतात, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. इटलीतल्या मिलान शहरातल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ काढलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांचे जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. फरक पडतो तो शेक, म्हणजे रेडिएशन, घेण्या-न घेण्याने. अमेरिकेच्या चाचणीत गाठ काढून शेक घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, शेक न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना. आजच्या औषधांमुळे हे प्रमाण बरेच खाली आले आहे, तरी गाठ काढणे आणि शेक ही साधारणपणे एकच उपचारजोडी समजावी.

म्हणून कॅलेंडर घेऊन बसा. शेक बहुधा १५ वेळा, आठवड्यातून पाच दिवस, असे तीन आठवडे चालतो. काही ठिकाणी निवडक रुग्णांना पाच वेळांतही देतात. मशीन कुठे आहे, राहायचे कुठे, सोबत कोण, हे ऑपरेशनआधी ठरवा. मुंबईत परळला उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा. जाणे-येणे खरोखरच जमणार नसेल तर सर्जनला तसे स्पष्ट सांगा, कारण गाठ की पूर्ण स्तन हे त्यावरही ठरते. मात्र स्तन काढला म्हणजे शेक टळला असे नाही: गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या ग्रंथींत रोग असेल तर तो तरीही लागू शकतो.

रोग स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेला असेल, त्वचा सुजून लाल झालेली असेल किंवा छातीला पूर्वी शेक दिलेला असेल तर सहसा पूर्ण स्तन काढण्याचाच सल्ला मिळतो. गरोदरपणात शेक देता येत नाही, म्हणून सुरुवातीचे महिने असतील तर वेगळा विचार होतो. काढलेल्या भागाच्या कडेला रोग सापडला तर दुसरे ऑपरेशन लागते, हेही आधी माहीत असू द्या.

काखेबद्दल बहुतेक जणी विचारतच नाहीत, आणि पुढे सर्वांत जास्त त्रास तिथेच होतो. सगळ्या ग्रंथी काढल्यावर साधारण पाचात एकीचा हात सुजतो. सेंटिनेल तपासणीत, म्हणजे रोग आधी पोहोचतो त्या पहिल्या काही ग्रंथीच काढल्या तर, साधारण विसात एकीचा. ‘माझ्यासाठी सेंटिनेल शक्य आहे का?’ हे शब्द चिठ्ठीवर लिहून न्या. त्यात निळा रंग टोचला तर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते. घाबरू नका.

स्तन काढतानाच नवा स्तन बनवून घ्यायचा असेल तर शेक लागणार का, ते आधी विचारा. शेकानंतर इम्प्लांटभोवती (आत बसवलेल्या कृत्रिम स्तनाभोवती) कडक आवरण धरण्याचा धोका वाढतो. मिश्री, तंबाखू, विडी किमान चार आठवडे आधी बंद करा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा काळ्या पडतात. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि काढे-चूर्णे लपवू नका. गोळ्या मनाने थांबवूही नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचे असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी ऑपरेशनआधी लागते.

घरी पुढून उघडणारे गाऊन काढून ठेवा आणि वरच्या फळीवरचे डबे खाली आणा. जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी घेऊन घरी यावे लागू शकते. रोज ठरावीक वेळी बाटलीतले पाणी मोजून वहीत लिहा. सलग दोन दिवस रोज ३० मिलिपेक्षा कमी आले की नळी बहुधा काढतात. प्रवाह एकदम थांबून जखम फुगली तर नळीत गुठळी अडकलेली असू शकते, आणि बाटली ताज्या रक्ताने भरू लागली तर रात्रीही फोन करायचा. मूठ आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, खांद्यावर हात नेण्याची परवानगी विचारून घ्या. सुट्टी मिळतानाच अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्टची तारीख लिहून घ्या, कारण पुढची केमो, शेक आणि गोळ्या त्यावरच ठरतात.