फोडणीचा भात गिचका, कुस्करा वातड: उरलेल्या अन्नाच्या या चुका टाळा

सकाळी कढई गॅसवर चढवल्यावर जे बिघडतं, त्यातलं निम्मं आदल्या रात्रीच बिघडलेलं असतं. उरलेलं कसं झाकलं, कुठे ठेवलं, यावर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता ठरतो. म्हणून सुरुवात रात्रीपासून करू.

सर्वांत मोठी चूक भाताची. जेवणं झाली की भात कुकरच्या भांड्यातच झाकून ओट्यावर राहतो आणि सकाळी "फोडणी दिली की झालं" असं आपण समजतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की ते फोडणीच्या आचेवरही टिकतं. उलट्या होतात त्या यामुळे. भात शिजल्यापासून तास-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. भांडं तसंच कोंबलं तर मधला भाग बराच वेळ गरम राहतो, म्हणून आधी ताटात किंवा परातीत पसरायचा. दुसऱ्या दिवशी संपवायचा. वैशाख असो वा श्रावण, रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकून द्या; वास येत नाही म्हणून तो चांगला आहे असं नसतं.

फ्रिजमधल्या भाताचा दुसरा फायदा चवीचा. गार झाल्यावर शितं घट्ट होतात, म्हणून फोडणीत मोडत नाहीत. गरम किंवा ताजा भात परतला की गिचका होतो. गार असतानाच ओल्या हाताने गुठळ्या मोकळ्या करा, मीठ आणि चिमूटभर साखर भातालाच चोळा. तेलात मोहरी पूर्ण तडतडू द्या, आच कमी करून हिंग, कढीपत्ता, मिरची, मग कांदा परता आणि हळद त्यानंतर घाला. कडकडीत तेलात ती करपते आणि सगळा भात कडवट लागतो. पाण्याचा एक हबका, झाकण, एक दणदणीत वाफ. भाताचा मधला भागही चटका बसेल इतका गरम झालेला हवा.

हे सगळं कोलमसारख्या मोकळ्या भाताला चालतं. इंद्रायणी मुळातच चिकट, त्याच्याशी झटापट करू नका. त्याचा दहीभात करा, नाहीतर कुस्करून बेसन, कांदा, कोथिंबीर घालून तव्यावर थापा.

आता पोळी. वाफाळत्या पोळ्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं की आत पाणी सुटतं; सकाळी त्या चिकट होतात आणि त्यांचा कुस्करा गोळा होतो. निवल्यावर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. कुस्करा हाताने करा. मिक्सरमध्ये त्याची भुकटी होते आणि ताकाचा हबका मारला की लगदा. (मिक्सर पोळीच्या लाडवाला ठेवा, तिथे तूप-गुळात ती भुकटीच छान मिळून येते.) चार पोळ्यांना एक मोठा कांदा लागतो, कमी घातला की घास कोरडा लागतो. वातड होतो तो झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतत राहिल्याने. पोळीवर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग काढून बाकीची वापरू नका, तंतू आतवर गेलेले असतात.

आमटी-भाजीत आधी विटतं ते ओलं खोबरं घातलेलं, ते पहिल्यांदा संपवा. आंबट आमटी किंवा ताक कल्हई उडालेल्या पितळेत ठेवू नका, कळकतं. पातेलंभर आमटी रोज उकळून पुन्हा ठेवण्यापेक्षा लागेल तेवढीच काढा आणि खळखळून उकळा. साबुदाण्याची खिचडी मात्र नुसती गरम करून खाण्यात काही मजा नाही. तिच्यात उकडलेला बटाटा कुस्करून थालीपीठ लावा.

शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, इमारतीचे वॉचमन यांना डबा द्यायचा तर त्याच रात्री द्या, चांगलं असताना. तीन दिवस फ्रिजमध्ये राहिलेलं, स्वतःच्या पानात वाढून घेणार नाही असं काही कुणाला देऊ नये. देताना त्यात काय आहे आणि कधी केलंय तेही सांगा.

शेवटी वरणाचं किंवा आमटीचं थालीपीठ, कारण सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच. तव्यावर फाटतं, कारण पातळ आमटी पाहून पीठ भसाभस घातलं जातं, मग घट्ट झालं म्हणून पाणी. आमटीत मावेल तेवढीच भाजणी घाला, पाणी अजिबात नको, आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. भाजणी ओल शोषते आणि पीठ आपोआप आवळतं. तरीही सैल वाटलं तर मूठभर बेसन. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडा, कडेने तेल सोडा आणि खालची बाजू सुटेपर्यंत उलथनं लावू नका. आमटीत मीठ आधीच असतं, तेव्हा पिठात वेगळं घालण्यापूर्वी रुपयाएवढं एक थालीपीठ भाजून चाखून बघा.