डाव्या हाताने ग म भ न

अपघातात माझा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा मला शाळेत शिकवायला लागून 22 वर्षं झाली होती. त्यानंतर पहिल्यांदा बँकेत गेले, तर तिथल्या माणसाने माझ्याकडे न बघताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठा उमटवला, घरी आले आणि त्याच संध्याकाळी दुरेघी वही काढली. मोठेपणी हात बदलायची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक महत्त्वाचं. पक्षाघातामुळे हात दुबळा झाला असेल, तर फिजिओथेरपिस्टना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. सगळी कामं चांगल्या हातावर सोपवली की दुबळा हात आणखी मागे पडतो.

माझे पहिले पंधरा दिवस वाया गेले, कारण उजव्या हाताची सगळी रीत मी जशीच्या तशी डाव्या हातावर लादत होते. कागद समोर सरळ ठेवून तळहात ओळीवरून ओढत नेला की लिहिलेलं फासतं आणि काय लिहिलंय तेही दिसत नाही. कागद शरीराच्या मध्यापासून थोडा डावीकडे घ्या आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जरासा फिरवा, म्हणजे ओळ उजवीकडे खाली उतरत जाईल. हात ओळीच्या खाली राहू द्या. पेन टोकापासून साधारण 3 सेंटीमीटरवर धरा. कागद सरकतोच, कारण धरायला दुसरा हात नाही. मी उजव्या हाताचा उरलेला भाग त्यावर टेकवते. ते जमत नसेल तर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावा.

आपल्या लिपीत खरी अडचण शिरोरेघेची. उजवा हात ती ओढतो, डाव्या हाताला ती ढकलावी लागते. ढकलताना बॉलपेनचं टोक कागदात रुततं, रेघ थरथरते, कधी कागद फाटतो. मी 2बी पेन्सिल घेतली, ती रुतत नाही. आणि प्रत्येक अक्षरावर रेघ द्यायचं सोडलं. आधी अख्खा शब्द बिनरेघेचा लिहायचा, मग एकच रेघ उजवीकडून डावीकडे ओढायची. मुलांना मी नेमकं उलटं शिकवलं होतं! पण हात वेगळा, तर दिशाही वेगळी.

अक्षरं मात्र मुलांना शिकवलेल्याच क्रमाने घेतली: ग म भ न. चौघांतही उभा दंड आहे, आणि वरून खाली येणारी रेघ डाव्या हाताला सगळ्यात आधी साधते. सुरुवातीला अक्षर चांगलं बोटभर उंच काढा. लहान अक्षराची घाई केली की बोटं आखडतात आणि खांदा दुखतो. दिवसातून तीनदा, दर खेपेला दहा मिनिटं. हात शिणायच्या आत थांबायचं.

त्या दिवसांत मला कारोली टाकाच यांचा फार आधार वाटला. हंगेरीचे हे पिस्तूल नेमबाज. 1938 साली हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक युद्धामुळे झालीच नाहीत, तरी ते थांबले नाहीत. 1948 ला लंडनमध्ये सुवर्ण, 1952 ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. आणि आपली शीतल देवी! जन्मापासून हात नाहीत, ती पायाने धनुष्य धरते. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये मिश्र सांघिक प्रकारात तिने कांस्यपदक मिळवलं. जिद्द तर दोघांकडेही आहे, पण माझी नजर त्यांच्या पद्धतीवर खिळली. दोघांनीही आपल्याला जमेल अशी वेगळी पद्धत बसवली आणि मग तीच हजारो वेळा गिरवली.

दर रविवारी एकच वाक्य लिहा, खाली तारीख घाला. सहाव्या आठवड्यात माझं अक्षर सुधारायचं थांबलं, उलट बिघडल्यासारखं वाटलं. रडू आलं. मग पहिल्या रविवारचं पान शेजारी ठेवलं. त्यातला भ मलाच ओळखता येत नव्हता.

सही सगळ्यात शेवटी घ्या. जुन्या सहीची नक्कल करू नका, ती कधीच तंतोतंत येत नाही आणि जुळत नाही म्हणून कागद परत येतात. तीन-चार अक्षरांची नवी सही बसवा, रोज वीसदा करा आणि स्थिर झाली की बँकेत नव्या सहीचा नमुना द्या. हा सराव उभं राहून करा. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी करायचे, कारण त्याची उंची साधारण काउंटरएवढी असते. जाताना आपलं पेन न्या. तिथलं पेन बहुतेक वेळा उजवीकडे बांधलेलं असतं आणि दोरी डाव्या हातापर्यंत पुरत नाही.