कथेतला चढ कसा ओळखायचा: ‘ईदगाह’ हाताशी घेऊन

कथानक उत्कर्षबिंदूकडे, म्हणजे ताणाच्या टोकाकडे, चढत नेणारा भाग ओळखा, असा प्रश्न आला की मुलं कथेतल्या सगळ्या गडबडीच्या जागा उतरवून काढतात. मी हिंदी शिकवते. या प्रश्नासाठी मी नेहमी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घेते, कारण तिच्यात गडबड भरपूर आहे आणि चढ मात्र एका लहान मुलाच्या खिशात चाललेला आहे.

कथा एकदा पूर्ण वाचा आणि मग मागे येऊन विचारा, इथे पणाला काय लागलंय? ‘ईदगाह’मध्ये तीन पैसे. चार पैशांचा आणा, म्हणजे पुरता एक आणाही नाही. ईदचा दिवस, आणि हमीदच्या घरात उरलेत दोन आणे. त्यातले तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच आजी अमीनाच्या बटव्यात. हमीद चार-पाच वर्षांचा, आईबाप गेलेले. सोबतच्या महमूदकडे बारा पैसे, मोहसिनकडे पंधरा. इथवर मांडणी झाली. चढ सुरू होतो तो ईदगाहवरच्या, म्हणजे ईदच्या नमाजाच्या जागेवरच्या, नमाजानंतर, मुलं तिथल्या जत्रेत पैसे खर्च करू लागतात तिथून.

आता पेन्सिल घ्या आणि समासात लिहीत चला: हमीदसमोर काय आलं, त्याने काय केलं. पहिला येतो हिंडोळा, एका पैशात पंचवीस फेऱ्या. त्याच्या खजिन्याचा तिसरा हिस्सा जाणार, म्हणून तो लांब उभा राहतो. मग मातीची खेळणी, दोन-दोन पैशांची: शिपाई, भिश्ती, वकील. हात लावायला जीव आसुसलेला, पण तोंडाने म्हणतो की पडलं तर फुटून जाईल. मग मिठाई. मोहसिन रेवडी पुढे करतो, हमीद हात पसरतो, आणि मोहसिन ती स्वतःच्याच तोंडात टाकतो. बाकीचे टाळ्या पिटतात. प्रत्येक वेळी पैसे तेवढेच आहेत, पण ते न खर्चणं अधिकाधिक जड जातंय. आधी नुसती मजा हुकली, आता चारचौघांत अपमान झाला. हाच चढ.

शंका आली तर प्रसंग वगळून बघा. ईदगाहच्या वाटेवर मुलं जिन म्हणजे भुताखेतांबद्दल आणि पोलिसांबद्दल मोठ्या रंगात बोलतात. मला तो भाग फार आवडतो. पण तो काढला तरी शेवट तसाच उभा राहतो, म्हणून तो चढात धरायचा नाही. रेवडीचा प्रसंग काढा, हमीद शेवटी विकत घेतो त्या चिमट्याचं मोल लगेच कमी होतं.

खरी अडचण चिमट्यापाशी येते. लोखंडी सामानाच्या दुकानात हमीदला आठवतं की तव्यावरून पोळ्या काढताना आजीची बोटं भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, पाचवर येतो. हमीद काळीज घट्ट करून तीन म्हणतो आणि चालू लागतो. दुकानदार बोलावून चिमटा देतो. बरेच जण इथेच उत्कर्षबिंदूची खूण करतात. मला ते पटत नाही. पैसे संपले, पण ते सार्थकी लागले का, हे अजून ठरलेलं नाही. पुढे हमीद वादात चिमट्याला पहिलवान ठरवून जिंकतो, घरी गेल्यावर इतरांची खेळणी एकामागून एक मोडतात, आणि आपल्याला वाटू लागतं की पोरगं जिंकलं. तेवढ्यात अमीना छाती पिटून घेते: दुपार झाली, पोटात काही नाही, आणि आणलं काय, तर चिमटा! म्हणजे ताण अजून वाढतोच आहे. हमीद अपराध्यासारखा सांगतो की तुझी बोटं भाजायची म्हणून घेतला, तिथे हा ताण सुटतो. उत्कर्षबिंदू तो. त्यानंतर प्रेमचंद थोडक्यातच आवरतात.

म्हणून चढ, शिखर, उतार यांना सारखी पानं वाटू नका. ही आकृती गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये मांडली ती नाटकांसाठी. लघुकथेत उतार चार ओळींत संपू शकतो.

उत्तर लिहिताना घटनांची नुसती जंत्री देऊ नका. प्रत्येक घटनेपुढे लिहा की तिच्यामुळे पात्राला काय आणखी कठीण झालं. एखाद्या घटनेपुढे काहीच लिहिता आलं नाही, तर ती खोडा.