जपानमध्ये मिशनरी म्हणून राहताना दिनक्रम कसा सांभाळावा

ज्या तरुणाला मॉर्मन चर्चचा मिशनरी (धर्मप्रचारक) म्हणून जपानला जाण्याचे पत्र आले आहे, त्याने धर्मग्रंथाच्या अभ्यासाइतकीच तयारी एका घरगुती प्रश्नाची करावी. आपण न निवडलेल्या माणसाबरोबर एका खोलीत, दिवसाचे चोवीस तास, कसे राहायचे? भाषा हळूहळू येते आणि सायकलची सवय आठवडाभरात होते, परंतु कामासाठी नेमून दिलेल्या या जोडीदाराशी जुळले नाही तर उत्तम आखलेला दिवसही सकाळी नऊच्या आतच विस्कटतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. जगभर ‘मॉर्मन’ म्हणून ओळखले जाणारे, पण 2018 पासून आपल्या पूर्ण नावाचाच आग्रह धरणारे ‘येशू ख्रिस्ताचे अंतिम दिवसांच्या संतांचे चर्च’ अमेरिकेतील युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी येथून चालते आणि त्याचे 70 हजारांहून अधिक मिशनरी निरनिराळ्या देशांत काम करीत असतात. ऑक्टोबर 2012 मध्ये चर्चने मुलांसाठी किमान वय 19 वरून 18 आणि मुलींसाठी 21 वरून 19 वर आणले (मुलींसाठी ते नोव्हेंबर 2025 पासून 18 आहे). 2012 च्या त्या बदलापासून शाळा संपताच घराबाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण वाढले. मुलांची सेवा दोन वर्षांची आणि मुलींची दीड वर्षाची असते. कोणत्या देशात जायचे हे मिशनरी स्वतः ठरवत नाही, त्याला ते कळवले जाते. तेथे त्याला ‘एल्डर’ आणि तिला ‘सिस्टर’ म्हणतात. जपानी बोलताना हेच शब्द ‘चोरो’ आणि ‘शिमाई’ असे होतात, आणि जोडीदाराला ‘दोर्यो’, म्हणजे सहकारी, म्हटले जाते. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘वडीलधारा’ अशा अर्थाच्या पदवीने हाक मारली जाते याची गंमत पहिल्या आठवड्यात वाटते आणि नंतर ओसरते.

जोडीदारासंबंधीचा नियम असा आहे की दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहावे. अपवाद मोजकेच, जसे न्हाणीघर. झोपण्याची खोली एक, अंथरुणे वेगळी. म्हणून नव्या घरात पोहोचल्यावर पहिल्याच रात्री, सामान लावण्यापूर्वी, दोघांनी बसून क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी बोलून घ्याव्यात: गजर कोणाच्या फोनवर लावायचा, आधी आंघोळ कोणी करायची, तांदूळ आणि तेल सामाईक की वेगळे, भांडी त्याच वेळी घासायची की रात्री एकदम, आणि एखाद्याला राग आला तर त्याला किती वेळ गप्प राहू द्यायचे. हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो त्याच रात्री बाजूला ठेवावा, कारण घासायच्या राहिलेल्या कढईवरून झालेला अबोला तीन दिवस टिकल्याची उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत. आठवड्यातून एकदा दोघांनी एकमेकांचे काम आणि वागणे यांबद्दल मोकळेपणाने बोलायचे, अशी रीत मिशनमध्ये आहेच. ती केवळ उरकून टाकू नये. त्या बैठकीत आधी स्वतःची चूक सांगावी, मग दुसऱ्याची, आणि एका वेळी एकच. नवख्याला पहिले बारा आठवडे अनुभवी जोडीदाराकडे शिकाऊ म्हणून ठेवतात. या काळात त्याची पद्धत पटली नाही तरी निदान एक महिना ती तशीच करून पाहावी आणि त्यानंतर आपले मत मांडावे.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ, न्याहारी, त्यानंतर एकट्याने अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास आणि भाषेचा अभ्यास, असा सकाळचा साचा आहे. रात्री साडेदहाला दिवे मालवायचे असतात. पूर्वी हे वेळापत्रक मिनिटामिनिटाला बांधलेले होते. 2017 च्या आरंभापासून त्यात काही लवचीकपणा आला आणि कोणता अभ्यास कधी करायचा याचा थोडाबहुत निर्णय मिशनरींवर सोपवण्यात आला. ही मोकळीक जपून वापरावी. भाषेचा अभ्यास ‘दुपारी करू’ म्हणून पुढे ढकलला की तो होत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे. जपानमधील लहान सदनिकांच्या भिंती आणि जमिनी पातळ असतात, त्यामुळे सकाळी पावणेसातला दोरीवरच्या उड्या मारल्यास खालचा शेजारी कायमचा दुरावतो. व्यायामासाठी बाहेर पळायला जावे किंवा सतरंजीवर करता येणारे प्रकार निवडावेत. ताटामी (जमिनीवरच्या विणलेल्या चटया) असलेल्या खोलीत अंथरलेले फुतोन, म्हणजे जपानी गादी, रोज सकाळी उचलावे आणि ऊन असेल तेव्हा वाळवावे. ते तसेच पडू दिल्यास दमट हवेत त्याखाली बुरशी धरते. कचऱ्याचे वेळापत्रक तर धर्मपालनाच्याच काटेकोरपणाने पाळावे. जळणारा कचरा, प्लॅस्टिक, बाटल्या आणि डबे यांचे वार ठरलेले असतात, अनेक नगरपालिकांत त्यासाठी ठरावीक पिशव्याच वापराव्या लागतात आणि बहुतेक ठिकाणी कचरा सकाळी आठच्या आत बाहेर ठेवावा लागतो. परदेशी मुलांच्या घराबद्दल वस्तीत जे मत बनते, ते त्यांच्या प्रवचनांवरून बनत नाही. ते त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीवरून बनते.

भाषेच्या बाबतीत मराठी भाषकाला एक आयती सवलत आहे, जी अमेरिकी जोडीदाराला नाही. जपानी वाक्यात कर्ता आधी, मग कर्म आणि शेवटी क्रियापद येते, आणि ‘ला’, ‘त’, ‘हून’ यांसारखी आपली चिन्हे जशी नामानंतर लागतात तशीच तिकडचीही लागतात. ‘मी पुस्तक वाचतो’ हे वाक्य शब्दांच्या क्रमाला धक्का न लावता जपानीत जाते. आपल्या ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या सवयीमुळे जपानीतील आदराच्या पायऱ्यांचाही धाक कमी वाटतो, मात्र तेथे आदर क्रियापदात अधिक खोलवर मुरलेला असतो. परदेशी भाषा शिकायच्या मिशनरींना प्रशिक्षण केंद्रात साधारणपणे सहा ते नऊ आठवडेच मिळतात, तेव्हा पुढचे शिक्षण रस्त्यावरच होते. समोरचा माणूस बोलताना सारखा ‘हाइ, हाइ’ म्हणत असेल तर तो होकार समजू नये. तो आपल्याकडील ‘हं, हं’ इतकाच, ‘ऐकतो आहे’ एवढेच सांगणारा शब्द आहे. या एका गैरसमजामुळे किती जणांनी डायरीत चुकीच्या आशा नोंदवल्या असतील!

बहुतेक ठिकाणी प्रवास सायकलने असतो. सायकल हाती आली की तिची चोरीविरोधी नोंदणी आपल्या नावावर आहे का, हे आधी पाहावे, कारण रात्री पोलीस थांबवतात तेव्हा तेच विचारतात. आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवायचे असते. अंधारात दिवा सक्तीचा आहे. एका हाताने छत्री धरून किंवा फोन पाहत चालवणे आणि दोघांनी एका सायकलवर बसणे, ही दोन्ही कायद्याची उल्लंघने आहेत. एप्रिल 2023 पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. मिशनरीने ते रोजच घालावे. जूनमधील पावसासाठी वर-खाली दोन तुकड्यांचा चांगला रेनकोट घ्यावा, पिशवीत कोरडे मोजे ठेवावेत आणि पुस्तके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत, कारण कोणाच्याही दारात उभे राहिल्यावर बूट आतल्या पायरीखाली काढावे लागतात आणि ओल्या मोज्यांनी स्वच्छ जमिनीवर पाऊल टाकण्याइतका दुसरा अपशकुन नाही. राहण्याचा परवाना म्हणून मिळालेले कार्ड नेहमी खिशात असावे. नव्या गावी बदली झाली की चौदा दिवसांच्या आत तेथील नगरपालिकेत पत्ता नोंदवावा. हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे.

आता मुख्य कामाकडे वळू. दारोदार फिरणे पूर्वीइतके होत नाही. सदस्यांच्या ओळखी, समाजमाध्यमे, चर्चमधील इंग्रजी संभाषणाचे विनामूल्य वर्ग आणि स्थानिक सेवा यांतून अधिक भेटी ठरतात. तरीही दार वाजवण्याचा प्रसंग येतोच, आणि तेथे नकार ओळखण्याची कला लागते. ‘केक्को देसु’ याचा शब्दशः अर्थ ‘छान आहे’ असा असला तरी दारात त्याचा अर्थ ‘नको’ असाच घ्यावा. ‘मानिआत्ते इमासु’, म्हणजे ‘आमच्याकडे आहे तेवढे पुरे’, हाही नकारच. एकदा नकार आला की वाकून नमस्कार करावा, आभार मानावेत आणि निघावे. दुसऱ्यांदा आग्रह करू नये. आपण कोण आहोत आणि कशासाठी आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि इंग्रजीच्या वर्गाचे निमित्त करून धर्माचा विषय गुपचूप आत आणू नये; वर्ग इंग्रजीचा असेल तर तो खरोखर इंग्रजीचाच असावा. जिथे एकाच घरात पूर्वजांसाठीचे बौद्ध देवघर आणि शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माचे देवघर सुखाने नांदतात, तिथे एकाच मार्गाचा आग्रह लोकांना चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे, हे ध्यानात ठेवल्यास मन कमी दुखते. या चर्चचे जपानमधील पहिले मिशनरी, हिबर ग्रँट आणि त्यांचे तीन सहकारी, ऑगस्ट 1901 मध्ये योकोहामाला उतरले. 1924 मध्ये ते मिशन बंद झाले तोपर्यंत, जवळपास दोन तपांत, बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेवरही गेली नव्हती. ते पुन्हा सुरू झाले ते 1948 मध्ये. तेव्हा एखाद्या मंगळवारी सोळा दारे बंद झाली म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

खाण्यापिण्याचा भाग सर्वांत नाजूक, कारण येथे धर्माचा नियम आणि यजमानाचा आदर समोरासमोर येतात. 1833 पासून चालत आलेल्या आरोग्यनियमानुसार मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत; हा ‘चहा’ म्हणजे चहाच्या झाडाच्या पानांचा, त्यामुळे जपानी हिरवा चहाही त्यात आला. मराठी घरातून गेलेल्या तरुणाला सकाळचा कप सोडणे जड जाईल, हे वेगळे सांगायला नको. सुदैवाने तेथे भाजलेल्या जवापासून केलेले ‘मुगिचा’ हे पेय घरोघरी असते आणि ते चालते. म्हणून ‘चहा घेत नाही’ असे म्हणून थांबण्याऐवजी ‘मुगिचा असेल तर आवडेल’ असे म्हणावे. यजमानाला काहीतरी देता येते आणि अवघडलेपणा टळतो. शाकाहारी व्यक्तीने मात्र आधीच सावध व्हावे. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे) सूप, शिजवलेल्या भाज्या, अगदी अंड्याच्या पदार्थातही ‘दाशी’ नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशापासून काढलेला असतो; ‘मांस खात नाही’ असे सांगितल्याने मासा वगळला जात नाही. काय चालत नाही ते जपानीत एका कागदावर लिहून घ्यावे आणि जेवणाच्या आमंत्रणापूर्वीच कळवावे, ताटावर बसल्यावर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. तो आपल्याकडच्या एकादशीसारखा नसतो: साबुदाणा नाही, दूध नाही, पाणीही नाही, साधारण दोन जेवणे पूर्ण सोडायची. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि त्या रविवारी लांबची सायकलफेरी ठेवू नये.

सोमवार बहुधा तयारीचा दिवस असतो. कपडे धुणे, केस कापणे, बाजार, सफाई आणि घरच्यांशी बोलणे हे सर्व संध्याकाळी सहापर्यंत आटोपावे लागते, कारण त्यानंतर नेहमीचे काम सुरू होते. धुणे सकाळी आधी लावावे. पावसाळ्यात घरात कपडे वाळत नाहीत, तेव्हा पैसे टाकून चालणाऱ्या लाँड्रीतील वाळवणी यंत्राचा खर्च हिशेबात धरावा. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर त्याच दिवशी साबणाने चोळावी. फेब्रुवारी 2019 पूर्वी घरी फोन करण्याची परवानगी वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला, मिळत असे; आता दर आठवड्याला बोलता येते. ही सोय मोठी आहे, पण तिचा एक तोटाही आहे: दीड तास बोलून झाल्यावर मंगळवारची सकाळ जास्त रिकामी वाटते. वेळ आधीच ठरवून घ्यावी. जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे तेथील सकाळचे दहा हे आपल्याकडचे साडेसहा; युटामध्ये त्या वेळी रविवारची संध्याकाळ असते. आईला तब्येतीबद्दल खरे सांगावे, कारण तिला आवाजावरून कळतेच.

पैशांबाबत थोडक्यात. मिशनचा खर्च मिशनरी आणि त्याचे कुटुंब भरते. अमेरिकेसारख्या देशांतून येणाऱ्यांसाठी दरमहाची ही रक्कम जुलै 2020 मध्ये 400 डॉलरवरून 500 डॉलर झाली. कोणाची नेमणूक स्वस्त देशात आहे आणि कोणाची महाग देशात, यावर ती अवलंबून नसते. तेथे हाती येतो तो मर्यादित भत्ता. तो महिन्याच्या चार भागांत वाटावा आणि शेवटच्या आठवड्याचे तांदूळ पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवावेत. संध्याकाळी उशिरा सुपरबाजारात तयार पदार्थांवर अर्ध्या किमतीची चिठ्ठी लागते, ही माहिती प्रत्येक जुना मिशनरी नव्याला देतो.

आजार लपवू नये. ताप, पोटदुखी यांबद्दल मिशनच्या प्रमुख दांपत्याला वेळेवर कळवावे, आणि झोप न लागणे, सतत रडू येणे, अंथरुणातून उठावेसे न वाटणे हेही त्याच गंभीरतेने कळवावे. घराची ओढ पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांनाच लागते. ती कामाने बहुधा निवते. पण जी निवत नाही तिला श्रद्धेची उणीव समजून स्वतःला कोसत बसणे अन्यायाचे आहे. मुदतीआधी परतावे लागलेल्यांशी घरचे आणि चर्चमधील लोक नेहमीच समजुतीने वागतात असे नाही. म्हणून जोडीदाराची अशी अवस्था दिसली तर दुसऱ्याने ती आपल्यापुरती ठेवू नये, त्याच्या देखत आणि त्याला सांगून प्रमुखांशी बोलावे.

रात्री घरी परतल्यावर उद्याची आखणी करायची असते. ती जेवणाआधी करावी, पोट भरल्यावर डोळे मिटू लागतात. उद्याच्या भेटी, त्यांतील एखादी रद्द झाल्यास काय करायचे, शेवटची ट्रेन किती वाजता आणि पाऊस आहे का, एवढे लिहिले तरी पुरे. बदल्या साधारणपणे दर सहा आठवड्यांनी ठरतात आणि सूचना आल्यापासून निघेपर्यंत फार दिवस मिळत नाहीत, म्हणून सामान दोन बॅगांत मावेल इतकेच ठेवावे. जाणाऱ्याने आपल्या मागे नीट टिपण ठेवावे: कोणत्या घराने पुन्हा येऊ नका असे सांगितले आहे, कोणत्या आजीला गुरुवारी बागकामाला मदत लागते, इंग्रजीच्या वर्गात कोणाला मोठ्या आवाजात बोलावे लागते, सायकलचा कोणता ब्रेक ढिला आहे. आणि कचऱ्याचे वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवलेले राहू द्यावे.