सहा व्होल्टचा स्टार्टर बारा व्होल्टवर

आजोबांची विलीज जीप मूळची सहा व्होल्टची. डायनामो, इग्निशन कॉइल, बल्ब बदलून मी ती बारा व्होल्टवर आणली, पण स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जुनाच ठेवला. तो एवढ्या जोरात फिरायचा की बेंडिक्सचं पिनियन (स्टार्टरच्या दांड्यावर पुढे सरकणारं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, रिंग गिअरवर (कडेच्या दातेरी कड्यावर) धाडकन आदळायचं. नवीन रिंग गिअर रत्नागिरीत कुठून आणायचा? दात तुटण्याआधीच मोटर उतरवली.

आत चार फील्ड कॉइल, म्हणजे मोटरचं चुंबकक्षेत्र तयार करणारी तारेची वेटोळी. दोन-दोनच्या जोड्या, आणि त्या जोड्या एकमेकींना समांतर. म्हणजे प्रत्येक कॉइलमधून निम्माच करंट जायचा. मी जोड तोडून चारही एका ओळीत, सिरीजमध्ये जोडल्या. आता पूर्ण करंट चारही कॉइलमधून जातो, चुंबकक्षेत्र वाढतं आणि वेग आटोक्यात येतो. ध्रुव मात्र आळीपाळीने उत्तर-दक्षिण आलेच पाहिजेत. बॅटरीचा हलका करंट देऊन होकायंत्राने प्रत्येक ध्रुव तपासला. एक उलटा निघाला! तो पुन्हा सोडवला. जोड साध्या शिशाच्या डागाने टिकत नाहीत, तापून सुटतात; ब्रेझिंगच (पितळ वितळवून केलेला पक्का जोड) करून घ्या. वर कापडी पट्टी आणि वॉर्निश.

आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने अर्थिंगची जागा (बॅटरीची तार गाडीच्या सांगाड्याला जोडतात ती) हिरवी पडली होती. ती घासून चकचकीत केली, वर पेट्रोलियम जेली लावली. माझ्या मते एवढं केलं की निम्मं काम झालं.

आता भर पावसातही इंजिन दोन फेऱ्यांत पकडतं, आणि पिनियन अलगद बसतं.