अर्धवट बिघडलेली रॅम वापरात आणताय? या चुका टाळा

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट प्रोग्रॅमच्या पडद्यावर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी दिसल्या की काही जण रॅम थेट कचऱ्यात टाकतात, काही जण डोळेझाक करून तशीच चालवतात. तिसराही मार्ग आहे. ८ जीबीच्या एका स्टिकमध्ये, म्हणजे रॅमच्या एका पट्टीत, जवळजवळ ६,८७० कोटी बिट असतात. त्यातले चार-दोन गेले, तर तेवढे पत्ते वगळायला सिस्टिमला सांगायचे आणि बाकीची मेमरी वापरायची. अट एकच, खोट एका जागी स्थिर हवी. ती जागा बदलत असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे, आणि बहुतेक चुका हे न तपासताच पुढे गेल्यामुळे होतात.

खोट रॅममध्येच आहे असे धरून चालणे

आधी बायोसमध्ये जाऊन वेग मूळ सेटिंगवर आणा. एक्सएमपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने पळवणारी सेटिंग, चालू असेल तर बंद करा. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेली धडधाकट रॅमही चुका दाखवते. मग स्टिक काढा, संपर्कपट्ट्या पुसा, नीट बसवा आणि एका वेळी एकच स्टिक तपासा. त्याच स्लॉटमध्ये दुसरी, चांगली स्टिकही नापास झाली तर दोष स्लॉटचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा. एवढ्यावरच प्रश्न सुटलेली उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत, की पुसून पाहिल्याशिवाय कुणाच्याही लाल ओळींवर माझा विश्वास बसत नाही.

एक फेरी, तीही थंड मशीनवर

डीरॅमचा, म्हणजे स्टिकवरच्या नेहमीच्या रॅमचा, एक बिट साठवणारा प्रत्येक सेल म्हणजे एक गळका कपॅसिटर. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो, आणि चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा अवधी निम्मा करावा लागतो, कारण उष्णतेने गळती वाढते. म्हणजे थंड मशीनवर पास झालेला सेल तापल्यावर दगा देऊ शकतो. काही सेल तर शेजारच्या सेलमध्ये ठरावीक आकडे लिहिले तरच चुकतात. म्हणून चाचणी रात्रभर चालू द्या, आणि तीही केस बंद ठेवून, नेहमीसारख्या उष्णतेत.

सकाळी चुकांची संख्या बघू नका, चुकांचे पत्ते बघा. दोन वेगवेगळ्या रात्रींच्या याद्या शेजारी ठेवा. तेच मोजके पत्ते पुन्हा आले तर काम होण्यासारखे आहे. पत्ते सगळीकडे पसरलेले, पण दर वेळी तोच बिट चुकतोय? मग एखादी डेटा लाइन किंवा संपर्क गेला असणार, सेल नव्हे. पत्ते वगळून तिथे काही हाती लागत नाही. आणि दर रात्री नवे पत्ते येत असतील तर रॅमचा नाद सोडा, एकदा वीजपुरवठा तपासा.

यादी काढल्यावर स्टिक हलवणे

ही चूक जाणकारही करतात. मेमटेस्टमध्ये दिसणारा पत्ता चिपवर कोरलेला नसतो, तो त्या वेळच्या मांडणीत ठरतो. रॅमकडे जाणारे दोन मार्ग, म्हणजे चॅनल, असतील तर मेमरी कंट्रोलर लागोपाठचे पत्ते दोन्ही स्टिकमध्ये वाटून टाकतो. स्लॉट बदलला, नवी स्टिक घातली, बायोसमधला इंटरलीव्हिंगचा, म्हणजे पत्ते असे वाटण्याचा, पर्याय फिरवला की जुनी यादी रद्दी. आधी अंतिम मांडणी करा, मगच यादी काढा.

यादी चुकीच्या रूपात देणे

विंडोजच्या बूट सेटिंगमधल्या खराब मेमरीच्या यादीला पत्ता नको असतो, ४ केबीच्या पानाचा, म्हणजे मेमरीच्या तुकड्याचा, क्रमांक हवा असतो. मेमटेस्टमधल्या हेक्स (सोळाच्या पायातल्या) पत्त्याचे शेवटचे तीन अंक गाळायचे, म्हणजे १८६९०४५० चे १८६९०. पूर्ण पत्ता दिलात तर दीड टेराबाइटच्याही पलीकडचे, अस्तित्वातच नसलेले पान वगळले जाते आणि खराब पान वापरात राहते.

लिनक्सला भाग वगळायला सांगणाऱ्या मेममॅप या बूट पर्यायात आकार आणि पत्ता यांच्यामध्ये डॉलरचे चिन्ह लागते. लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबच्या फाइलमधून जाताना ते गिळले जाते, म्हणून आधी उलट्या तिरक्या रेघा द्याव्या लागतात. चिन्ह हरवले तर ‘एवढा भाग वगळ’ऐवजी ‘मेमरी एवढीच आहे’ असा अर्थ होतो आणि मशीन सुरूच होत नाही. मशीन सुरू झाले तरी डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या नोंदीत, तो भाग राखीव दिसतो का, ते डोळ्यांनी बघा. आकारात चिकटपणा करू नका. ८ जीबीतला १ एमबी म्हणजे ८,१९२ वा हिस्सा.

वगळले म्हणजे सगळ्यांना कळले

यादी फक्त त्या सिस्टिमला माहीत असते. पेनड्राइव्हवरून नवी सिस्टिम टाकताना इन्स्टॉलरला तिचा पत्ताच नसतो, आणि फाइली कॉपी होतानाच बिघडू शकतात. त्यामुळे इन्स्टॉल करताना चांगली रॅम लावा. खोट अगदी सुरुवातीच्या पत्त्यांत असेल तर सिस्टिमच्या आधी फर्मवेअर, म्हणजे बायोसच, तिथे वावरून जातो. अशी स्टिक मी सोडून देतो.

हा सगळा जुगाड आजचा नाही. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या ४८ के मॉडेलमध्ये वरचे ३२ के अर्ध्या बिघडलेल्या ६४ किलोबिटच्या आठ चिपांतून बनवत. आठही चिपांचा तोच अर्धा भाग चांगला असावा लागे, आणि तो कोणता हे बोर्डावरची एक तार ठरवी. जुनी मशीन दुरुस्त करताना एकच चिप बदलून लोक फसतात ते इथेच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ४५३२ या अशाच चिपवर शेवटचा ३ किंवा ४ हा अंक वाचल्याशिवाय नवी चिप बसवू नका.

पेनड्राइव्ह, एसएसडीतल्या नँड फ्लॅश मेमरीचा मामला वेगळा. तिथे कारखान्यातच खराब ब्लॉकवर खूण केलेली असते. सुटी चिप प्रोग्रॅमरला लावून सरसकट पुसलीत तर ती खूण जाते, आणि वाईट ब्लॉक कोणते होते हे नंतर खात्रीने शोधता येत नाही. पुसण्याआधी खुणांची यादी वाचून ठेवा.

अशी रॅम फाइल सर्व्हरला किंवा बॅकअपच्या मशीनला लावू नका. चुकलेला बिट तिथे गुपचूप डिस्कवर उतरतो आणि चांगल्या प्रतीची जागा घेतो. इतरत्र लावलीत तर महिन्याने पुन्हा रात्रभर चाचणी घ्या. जुन्या यादीबाहेरचा एकही पत्ता आला की स्टिक काढून टाका.