फोनची बॉडी आणि इंटरफेस जुळवताना या चुका टाळा

इंटरफेसमधल्या आयकॉनचा आकार उचलून बॉडीला दिला की दोन्ही जुळले, असं नवख्यांना वाटतं. मला ते पटत नाही. बोट कुठून निघतं आणि कुठे जातं, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त घोळ कोपऱ्यांत होतो. बॉडीच्या कोपऱ्याची त्रिज्या 9 मिमी, म्हणून स्क्रीनलाही 9, असं सरळ धरलं जातं आणि तिथेच चुकतं. बॉडीची बाहेरची धार आणि स्क्रीन यांच्या मधली कड 3 मिमी असेल तर स्क्रीनची त्रिज्या 6 हवी, कारण दोन्ही कंसांचं केंद्र एकच असावं लागतं. दोन्हीकडे 9 ठेवलं की कोपऱ्यात तीच कड सव्वाचार मिमीच्या आसपास जाते आणि कोपरा सुजलेला दिसतो.

यावरचा शॉर्टकट आम्हाला फार महागात पडला. गोल कोपऱ्यांची बॉडी पक्की झाली होती, पण एलसीडी पॅनेल काटकोनी कोपऱ्यांचं आलं. ‘सॉफ्टवेअरमध्ये कोपरे काळे रंगवू’ असं ठरलं आणि घाईत मीही मान डोलावली. दिवसाउजेडी सगळं छान दिसलं. रात्री दिवे घालवले तर चारही कोपऱ्यांत करडे तुकडे! ओलेड स्क्रीनवर प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, म्हणून काळा पिक्सेल बंदच असतो; एलसीडीत मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, झिरपतो. शेवटी बॉडीचा साचा नव्याने करावा लागला. तेव्हापासून पॅनेलचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मी कोपऱ्याला हात लावत नाही.

जेश्चर, म्हणजे बोट फिरवून द्यायची आज्ञा, कडेवरून असेल तर कडही तशीच घडवा. 2011 च्या नोकिया एन9 मध्ये होम बटण नव्हतं, सगळं कडेवरून स्वाइप करायचं. म्हणून काच कडेला हलकी वळवलेली होती आणि बोट अडत नसे.

रंग जुळवताना जपून. एचटीसीने 2012 मध्ये विंडोज फोन 8एक्सची बॉडी लाइव्ह टाइलवरून, म्हणजे विंडोज फोनच्या होम स्क्रीनवरच्या रंगीत चौकोनांवरून बेतली, रंगासकट. पण थीमचा रंग वापरणाऱ्याच्या हातात असतो, बॉडीचा नाही.

आवाजाची पट्टी बटणाशेजारीच उमटू द्या. अँड्रॉइड 9 ने ती वरून काढून बाजूला आणली ते योग्यच झालं.

आणि मोठ्या मॉनिटरवर रेंडर, म्हणजे संगणकाने काढलेलं फोनचं चित्र, बघून निर्णय घेऊ नका. मी स्क्रीन खऱ्या मापात छापतो, पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि दोन दिवस खिशात ठेवतो. अंगठा वरच्या बटणापर्यंत पोचत नाही, हे पहिल्याच तासात कळतं.